सिनेटर हॅस्कम यांच्या कृपेने

सिनेटर ऑर्विल हॅस्कम वारले त्याला शंभर वर्षं होत आली. रोज न चुकता त्यांची आठवण काढणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. ती ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला भाड्याच्या युनिटमध्ये राहायची, तिचं नाव इरावती, आणि तिला ते अजिबात आवडायचे नाहीत.

आवडण्याचा प्रश्नच नव्हता म्हणा. तिची त्यांच्यावर पीएचडी चालू होती, आणि पाचव्या वर्षात कुणालाच कुणी आवडत नाही. सिडनीच्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, ती नवीन आली तेव्हा तिचे गाइड ग्रेग म्हणाले होते, "गॅप शोध. ज्याच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही असा माणूस शोध." विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन सिनेटर हा तसा भरलेला बाजार होता, पण ती पोचेपर्यंत त्यातले बरे बरे सगळे उचलले गेले होते. तळाशी हॅस्कम उरले होते. त्यांच्यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. इरावतीला लॉटरी लागल्यासारखं झालं. गॅप असण्यामागे कारणही असू शकतं हे तिच्या लक्षात आलं, तोवर व्हिसा हातात पडला होता.

कारण असं, की हॅस्कम यांनी काही केलंच नव्हतं. पश्चिम किनाऱ्याकडच्या एका राज्यातून ते तीनदा सिनेटवर गेले. पहिल्या खेपेला त्यांनी सफरचंदाच्या पेटीचा आकार देशभर एकच असावा असं विधेयक आणलं. पडलं. दुसऱ्या खेपेला देशाचं हवामान खातं आपल्या गावी हलवावं असं आणलं. तेही पडलं, कारण त्यांच्या गावात हवामान असं काही नव्हतंच, बारा महिने धुकं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना आयुष्याचं ध्येय सापडलं. हिंदू. लाकडाच्या गिरण्यांत कामाला आलेले पंजाबी मजूर, त्यांतले बरेचसे शीख, पण हॅस्कमना सरसकट सगळे हिंदूच. या लोकांना देशात पाऊल ठेवू देऊ नये म्हणून ते सभागृहात इतका वेळ बोलले की भाषण उतरवून घेणारा माणूस मध्येच उठून गेला आणि राजीनामा देऊन आला. तेही विधेयक पडलं. पुढे तसलंच दुसऱ्या कुणाचं तरी पास झालं, तेव्हा मतदानाच्या दिवशी हॅस्कम दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. वाईट माणसांच्या यादीतही त्यांचं नाव लागलं नाही. गावाने त्यांचा पुतळा करायला घेतला, वर्गणी कमरेपर्यंतच पुरली. आज हायवेवरच्या एका स्वच्छतागृहाला त्यांचं नाव आहे, आणि तेही हिवाळ्यात बंद असतं.

अशा या माणसाच्या जिवावर दोन हिंदू ऑस्ट्रेलियात राहत होते.

दुसरा हिंदू म्हणजे इरावतीचा नवरा, दत्तप्रसाद. तो तिच्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट म्हणून आला होता. रोज दोन ट्रेन बदलून पॅरामॅटाला जायचा आणि एका कंपनीत बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. कंपनी स्पॉन्सर करत नव्हती, पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, पॉइंट्स पुरत नव्हते. म्हणजे त्याची नोकरी, जुनी माझदा, बाल्कनीतून दिसणारा समुद्राचा चतकोर तुकडा, सगळं इरावतीच्या पीएचडीला टांगलेलं, आणि पीएचडी हॅस्कमच्या कोटाला. "मी सिनेटरचा घरजावई," असं तो पार्ट्यांमध्ये सांगायचा. लोक हसायचे. इरावतीही हसायची, पण थोडी उशिरा.

मधल्या काळात ग्रेगनी नोकरी सोडली आणि बीचवर कॉफीची गाडी टाकली. नव्या गाइड हेलन यांचा विषय आइसलंडमधल्या मध्ययुगीन मेंढ्या हा होता. त्या मनाने फार चांगल्या होत्या. प्रत्येक चॅप्टर वाचून त्या एकच विचारायच्या, "हे सगळं आपल्याला वर्तमानपत्रांतून कळलं. पण सिनेटरची स्वतःची कागदपत्रं कुठे आहेत?"

कागदपत्रं वेनकडे होती. वेन हॅस्कम हा सिनेटरचा पणतू, रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर, अजून त्याच धुक्याच्या गावात राहणारा. घराण्याच्या दोन ट्रंका आपल्या तळघरात आहेत असं त्याने पहिल्याच मेलमध्ये कळवलं होतं आणि नमुन्याला एका पानाचा फोटोही पाठवला होता. त्यावर सफरचंदाच्या पेटीचं चित्र होतं. बाकीचं तो 'जरा सवडीने' पाठवणार होता. दोन वर्षं झाली, सवड होत नव्हती. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग तळघराच्या किल्लीचं काहीतरी, मग दुसरा गुडघा. इरावती दर महिन्याला त्याला व्हिडिओ कॉल करायची, गुडघ्याची चौकशी करायची, कुत्र्याची करायची, आणि शेवटी अगदी सहज आठवल्यासारखं ट्रंकांचं काढायची.

आता सहज वगैरे काही उरलं नव्हतं. येत्या सोमवारी रिव्ह्यू पॅनल होतं. कागदपत्रं नसतील, निदान ती येण्याची खात्री नसेल, तर कॅन्डिडेचर, म्हणजे पीएचडीची नोंदणीच, बंद, असं हेलननी रडवेल्या आवाजात सांगून ठेवलं होतं. कॅन्डिडेचर बंद म्हणजे व्हिसा बंद. दोघांचा.

या सगळ्यात इरावतीची आई, सुनीतीबाई, पुण्याहून राहायला आल्या होत्या. भूगोलाच्या रिटायर्ड शिक्षिका. नवरा जाऊन वर्ष झालेलं. येताना त्यांनी नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो आणि चंदनाच्या सालींचे दोन हार आणले होते. एक घालायला, एक जास्तीचा. सिडनी विमानतळावर लाकडी वस्तू म्हणून त्यांनी ते प्रामाणिकपणे जाहीर केले. ऑफिसरने दोन्ही हार भिंगाखाली धरून किडे शोधले, सापडले नाहीत, तेव्हा 'सॉरी फॉर युअर लॉस' म्हणून परत दिले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हॉलमधल्या शेल्फवर बाबांचा फोटो मांडला. शेजारी इरावतीने कधीतरी उत्साहाच्या भरात छापून आणलेला सिनेटरचा फोटो होता: कल्लेदार मिशा, खाली जन्ममृत्यूची सालं. दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती चहा घ्यायला आली तर सिनेटरच्या काचेवर गंध, गळ्यात चंदनाचा हार.

"आई! हे काय?"

"जास्तीचा होताच की."

"अगं, पण त्यांना कशाला?"

"ज्याच्या नावावर रोज जेवता त्याला साधं गंध नाही लावत तुम्ही. शेजारी बाबांना हार आणि हा बोडका. बरं दिसतं का?"

दत्तप्रसादला ही संधी सोडवेना. "आई, एक सांगू? ज्यांना तुम्ही गंध लावलंत ना, त्यांचं आयुष्य हिंदूंना हाकलून देण्यात गेलं."

सुनीतीबाईंनी चष्मा वर करून फोटोकडे पाहिलं. "मग? जमलं त्याला?"

"नाही ना."

"बिचारा," त्या म्हणाल्या आणि उदबत्ती लावली.

तेव्हापासून हॅस्कमना रोज गंध आणि फूल मिळायला लागलं. गुरुवारी साखर.

शनिवारी सकाळी इरावतीने वेनला कॉल लावला. तिकडे शुक्रवारची दुपार होती. दत्तप्रसाद समोर उभा राहून दोन्ही हातांनी 'ट्रंक, ट्रंक' असं दाखवत होता. वेन नेहमीसारखा कॅप घालून बसला होता आणि नेहमीसारखं गुडघ्यापासून सुरू झाला. इरावतीने आज त्याला मध्येच थांबवलं.

"वेन, सोमवारी माझा निकाल आहे. सगळी कागदं नकोत मला. तू फक्त खाली जा आणि ट्रंक उघडून कॅमेऱ्यात दाखव. एवढंच."

वेन कुत्र्याकडे बघायला लागला.

नेमकी तेव्हा आई चहाचा कप घेऊन आली आणि कप ठेवायला जागा व्हावी म्हणून तिने लॅपटॉप सरकवला. कॅमेरा शेल्फकडे वळला.

"ते काय आहे?" वेनने विचारलं.

इरावतीने लॅपटॉपकडे हात नेला. अमेरिकन माणसाला त्याच्या पणजोबांच्या कपाळावरचा लाल टिळा कसा समजावायचा, याचा चॅप्टर तिच्या थिसिसमध्ये नव्हता. तिने तोंड उघडायच्या आत आई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलीसुद्धा.

"गुड मॉर्निंग. आय ॲम मदर. दॅट इज युअर ग्रेट-ग्रँडफादर. एव्हरी डे आय गिव्ह हिम फ्लॉवर."

"का?" वेन म्हणाला.

"बिकॉज ऑफ हिम ओन्ली माय चिल्ड्रन आर ईटिंग."

वेन पडद्याकडे वाकला. मग म्हणाला, "शेजारचे गृहस्थ कोण?"

"माय हजबंड. लास्ट इयर ही एक्सपायर्ड."

"आय ॲम सॉरी, मॅम. ते दोघं ओळखायचे का एकमेकांना?"

"नाउ दे नो," आई म्हणाली.

वेनने कॅप काढली. त्याला कॅपशिवाय इरावतीने कधी पाहिलं नव्हतं. डोकं अगदी लहान मुलासारखं होतं. तो डोळे पुसायला लागला. दत्तप्रसादने इरावतीला अंगठा दाखवला. काम फत्ते, असं त्याचं तोंड म्हणत होतं. आता हा माणूस ट्रंका काय, अख्खं तळघर पार्सल करणार.

"मॅम," वेन म्हणाला, "आमच्या घरात या माणसाचा एक फोटो नाही. माझ्या आईने शेवटचा फेकला. आणि तुम्ही तिथे जगाच्या टोकाला त्याला फुलं घालता. तुमच्याशी मला खोटं बोलता येणार नाही."

दत्तप्रसादचा अंगठा तसाच हवेत राहिला.

"ट्रंका नाहीत. मी शाळेत होतो तेव्हाच तळघरात पुराचं पाणी शिरलं. सगळ्याचा लगदा झाला. आम्ही फावड्याने बाहेर काढला. ते पेटीचं पान तेवढं राहिलं, कारण आईने ते वर स्वयंपाकघरात डब्याखाली घातलं होतं."

"पण दोन वर्षं..." इरावती म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला. "तू दोन वर्षं किल्ली शोधत होतास."

"मुलं ख्रिसमसला फोन करतात," वेन म्हणाला. "तू दर महिन्याला करतेस. गुडघ्याचं विचारतेस. मला वाटलं, नाहीत म्हणालो तर करायची नाहीस."

ते खरं होतं.

कॉल संपल्यावर बराच वेळ तिघांपैकी कुणीही लॅपटॉप मिटला नाही. पडद्यावर इरावतीचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. आईने थंड झालेला चहा उचलला, गरम करून आणला, परत ठेवला.

"चला," दत्तप्रसाद शेवटी म्हणाला. "शंभर वर्षांनी का होईना, पास झालं म्हणायचं त्यांचं विधेयक. दोन हिंदू हद्दपार. आयुष्यातलं पहिलं यश माणसाचं, आणि तेही पोस्टह्यूमस."

कुणी हसलं नाही. त्याने स्वतःही हसण्याचा प्रयत्न केला नाही.

"मी मध्ये आले नसते तर?" आईने विचारलं.

"काही फरक नाही गं. कागदं नव्हतीच. त्याने अजून वर्षभर टोलवलं असतं एवढंच."

"म्हणजे एक वर्ष मिळालं असतं तुम्हाला."

इरावतीने आईकडे पाहिलं. आई भूगोल शिकवायची. वर्ष म्हणजे काय असतं ते तिला माहीत होतं. एका वर्षात दत्तप्रसादचे पॉइंट्स पुरे झाले असते. खोटेपणाच्या जोरावर का होईना, निवांत झाले असते.

रविवारी दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता दत्तप्रसाद हळूच म्हणाला, "सांगूच नको ना."

"काय?"

"पॅनलला. त्याचा पहिला मेल आहे ना, ट्रंका तळघरात आहेत म्हणणारा. तो दाखव. पान दाखव. किल्ली मिळाली की येतील म्हण. हे आपल्या तिघांना आणि वेनला सोडून कुणाला माहितीये?"

"दत्ता, चीटिंग आहे ते."

"कुणाशी? हॅस्कमशी? त्यांनी तक्रार केली तर मी बघतो."

तिने चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. नाही असं ती म्हणाली नाही. संध्याकाळी ती मेल प्रिंट करत होती तेव्हा आई तिच्यामागून गेली, काय चाललंय ते तिने पाहिलं, आणि काही न बोलता प्रिंटरमध्ये कागद भरले. आयुष्यभर कॉपी पकडलेल्या बाईने.

सोमवारी पहाटेची ट्रेन. सगळ्या रस्त्याने इरावती वाक्य पाठ करत होती. 'द फॅमिली हॅज कन्फर्म्ड.' कन्फर्म्डवर जोर द्यायचा की फॅमिलीवर, एवढंच ठरायचं होतं. समुद्र उजवीकडे होता, तो नेहमीप्रमाणे फुकट चमकत होता.

पॅनलच्या खोलीत हेलन, एक अध्यक्ष, आणि एक रिसर्च ऑफिसची बाई होती. इरावतीने फाइल उघडली, प्रिंटआउट काढला, घसा साफ केला.

"त्याआधी," अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला वीकेंडला एक मेल आलाय. तुलाही आला असेल."

तिला आला नव्हता. तिला सोडून सगळ्यांना आला होता. वेनने युनिच्या वेबसाइटवर जितके पत्ते सापडले तितक्यांना तो पाठवला होता: डीन, लायब्ररी, पार्किंगचं ऑफिस, पोहण्याच्या तलावाचं बुकिंग. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला. वेनने लिहिलं होतं की ट्रंका केव्हाच पुरात गेल्या, दोष सगळा त्याचा आहे, मुलगी सोन्यासारखी आहे, तिची आई तर संत आहे, आणि आपल्या पणजोबांसारख्या माणसाला त्या घरात रोज फुलं मिळतात हे युनिने लक्षात घ्यावं.

हेलन रडत होत्या. रिसर्च ऑफिसच्या बाईने विचारलं, "सॉरी, फुलं म्हणजे?"

इरावतीने प्रिंटआउटची घडी घातली. अजून एक घडी घातली. तिला प्रामाणिक होण्याची संधी मिळाली नव्हती आणि खोटं बोलण्याचीही. तेवढ्यापुरता तिला हॅस्कमबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. तिलाही आता, ते दाताच्या डॉक्टरकडे बसले होते तसं, तोंड उघडं ठेवून नुसतं बसायचं होतं, निर्णय दुसरीकडे होऊन गेला होता.

सगळे अतिशय छान वागले. अध्यक्ष म्हणाले, याने तुझी लायकी ठरत नाही. रिसर्च ऑफिसच्या बाईने समुपदेशनाचं पत्रक दिलं. निघताना त्यांनी तिच्या नावाचं स्पेलिंग आणि उच्चार नीट विचारून घेतला, पत्रावर आणि फोनवर चुकायला नको म्हणून.

बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि दत्तप्रसादला फोन लावला.

"बोल."

"संपलं."

"म्हणजे? मेल दाखवलास?"

"वेनने आधीच कळवलं होतं सगळ्यांना. माझं कौतुक केलंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती दिवस देतील?"

"महिनाभर वगैरे. पत्र येईल."

"आणि आईंचा व्हिसा?"

"तीन महिन्यांचा आहे अजून."

"म्हणजे आपण त्यांना इथे सोडून जायचं?" तो म्हणाला. तो हसला की काय ते तिला कळेना. आवाज तसा होता, पण पुढे भलतीकडेच गेला. "इरा, ऐक ना. मी कधी बोललो नाही. मी नेहमी थट्टाच केली. पण मला इथे खूप... सकाळी ती ट्रेन बोगद्यातून बाहेर पडते ना, तेव्हा खाली एकदम सगळा समुद्र. मी झोपेचं सोंग घेऊन बसतो, लोकांना कळू नये म्हणून. रोज बघतो मी तो. मला नाही जायचंय गं. मला अजिबात नाही जायचंय."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात फोनमधून तिसराच आवाज आला, दबका.

"दत्ता. अरे म्यूट नाही केलंयस तू."

दत्तप्रसाद टीमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होता. घरचा फोन म्हणून त्याने मोबाइल उचलला होता आणि लॅपटॉपचा माइक बंद करायचा राहिला होता. चुका शोधण्यासाठी कंपनी ज्याला ठेवते तो माणूस. अख्खी टीम शिस्तीत बसून ऐकत होती. भाषा कळत नसल्यामुळे कुणाला मध्ये बोलणं बरं वाटलं नव्हतं.

"वहिनी, मी सलिल," तो आवाज म्हणाला. सलिल त्यांच्या टीममधला डोंबिवलीचा मुलगा. तेवढ्या सगळ्यांत मराठी समजणारा तोच. "मला ऐकायचं नव्हतं हो. सॉरी."

"असू दे," इरावती म्हणाली.

मॅनेजरने विचारलं, "ऑल गुड, मेट? सलिल, व्हॉट्स हॅपनिंग?"

सलिल गप्प राहिला. मग म्हणाला, "येस. ऑल गुड."

"नो वरीज," मॅनेजर म्हणाला, आणि मागोमाग दोनचार जण तेच म्हणाले, आणि मीटिंग पुढे सरकली. आता दत्तप्रसादचीच पाळी होती. त्याने घसा खाकरला आणि मागच्या आठवड्यात सापडलेल्या चुका एकेक करून सांगायला लागला. कुठे कर्जाचा हप्ता दोनदा कापला जात होता, कुठे मेलेल्या खातेदाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा जात होत्या. मोबाइल त्याने बंद केला नव्हता. इरावतीनेही केला नाही. ती बाकावर बसून सगळ्या चुका शेवटपर्यंत ऐकत राहिली.